खातेदार मयत, चेक चालू

बँकेतून चेक परत जातो तेव्हा त्याला एक छापील चिठ्ठी जोडलेली असते आणि तिच्यावर कारणांची ही लांबलचक यादी असते. शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटली, आकडा आणि अक्षर यांचा मेळ नाही, वगैरे. त्यातच कुठेतरी एक कारण असतं, 'खातेदार मयत'. त्यावर खूण केली की विषय संपला. मग तो चेक हयातीत लिहिलेला असो, सही कितीही वळणदार असो, आणि चेक घेऊन आलेला गृहस्थ मयताचा सख्खा भाऊ का असेना! वारसांनी कागदपत्रं आणावीत, अर्ज भरावेत, दहा ठिकाणी सह्या कराव्यात आणि काय ते घेऊन जावं. पण सह्या वारसांच्या. मयताच्या नव्हेत.

हा नियम ज्याला लागू नाही असा एक धंदा जगात आहे, गाण्यांच्या रेकॉर्डी विकण्याचा. तिथे खातेदार मयत झाला की खातं खऱ्या अर्थाने चालू होतं. मायकेल जॅक्सनचंच बघा. २५ जून २००९ रोजी हा माणूस गेला. डोक्यावर कोट्यवधी डॉलरचं कर्ज होतं. लंडनला ५० कार्यक्रम जाहीर झालेले होते आणि त्यातला एकही झालेला नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या न झालेल्या कार्यक्रमांच्या तालमींचा सिनेमा निघाला. तालमींचा! आमच्या बँकेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाच्या तालमीला दिग्दर्शकसुद्धा यायला तयार नसतो, आणि इथे लोक तिकीट काढून गेले. पुढच्या वर्षी सोनी कंपनीने त्याच्या इस्टेटीशी करार केला. ७ वर्षांत १० प्रकल्प, आणि रक्कम २५ कोटी डॉलरपर्यंत जाईल असं तेव्हा छापून आलं होतं. आता जिवंतपणीचा हिशेब मांडा. १९७९ ते २००१ या बावीस वर्षांत त्याने नव्या गाण्यांचे मोठे अल्बम काढले सहा. म्हणजे मेल्यावर माणसाची कार्यक्षमता किती वाढते पाहा. आमच्या मुख्य कचेरीला हे कळता कामा नये, नाहीतर मयत कर्मचाऱ्यांनाही उद्दिष्टं लावून देतील.

हे सगळं मला ठाऊक असण्याचं कारण माझा भाचा. मायकेल गेला तेव्हा हा तिसरीत होता. १९८८ सालचा लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचा कार्यक्रम याच्या जन्माआधी बारा वर्षं होऊन गेलेला. पण त्याबद्दल तो असा बोलतो, की जणू पहिल्या रांगेत युवराज चार्ल्स आणि डायना यांच्या मधल्या खुर्चीत हाच बसला होता. दर रविवारी त्याचे मित्र जमतात, आमची ताई पोहे करते आणि मयताच्या आवाजावरून भांडण सुरू होतं. मी अधूनमधून पोह्यांसाठी जातो, त्यामुळे मला या मंडळींतले पंथ आता पाठ झाले आहेत.

पहिला पंथ अठ्ठ्याऐंशीवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, वेम्ब्लीला १६ जुलै १९८८ रोजी मायकेल खराखुरा गायला. धाप लागलेली ऐकू येते, श्वास तुटतो, एखादा सूर निसटतो, म्हणून तोच खरा मायकेल. या कार्यक्रमाचं चित्रण त्याच्या स्वतःच्या संग्रहातल्या व्हीएचएस टेपवरून साफसूफ करून २०१२ साली बाहेर आलं. चित्र जरासं धुरकट आहे, पण भक्तांना देवाचा फोटो धुरकट असला तरी चालतो. दुसरा पंथ ब्याण्णववाल्यांचा. हे बुखारेस्टला १ ऑक्टोबर १९९२ रोजी झालेल्या कार्यक्रमाचे. तिथे सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट हा गृहस्थ स्टेजवर नुसता पुतळ्यासारखा उभा आहे, आणि खाली माणसं बेशुद्ध पडून स्ट्रेचरवरून चालली आहेत. त्या दीड मिनिटात आवाज खरा होता की टेप, एवढ्या एकाच मुद्द्यावर दोन्ही पंथांचं एकमत आहे. तिसरा पंथ डेमोवाल्यांचा. त्यांना कार्यक्रम नकोत, त्यांना मायकेलने टाकून दिलेली, अर्धवट ठेवलेली, कपाटात पडलेली सगळी गाणी हवीत. त्याने बाथरूममध्ये गुणगुणलेलं काही रेकॉर्ड झालं असेल तर तेही हवं.

टेप की लाइव्ह हे ओळखायची या पोरांची रीत ऐकून मी थक्क झालो. दोन वेगवेगळ्या गावांतले कार्यक्रम एकापाठोपाठ लावायचे. मायकेलची ती उचकीसारखी किंकाळी दोन्हीकडे त्याच जागी, त्याच लांबीची, त्याच जोराची आली की समजावं, टेप. कारण जिवंत माणूस एकच किंकाळी दोनदा तशीच्या तशी मारू शकत नाही. अहो, हे तर आमचंच शास्त्र! सह्या पडताळताना आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, की खरी सही दर वेळी थोडी निराळी येते. दोन सह्या तंतोतंत एकसारख्या दिसल्या की खुशाल संशय घ्यावा, कोणीतरी काचेवर ठेवून गिरवली आहे. भाच्याला बी.कॉम. नापसंत होतं म्हणून तो इंजिनिअर झाला आणि शेवटी मामाचाच धंदा करायला लागला.

आता माझं भांडण सुरू होतं. १९९६-९७ च्या 'हिस्टरी' दौऱ्यात बहुतेक गाणी टेपवर होती आणि मायकेल ओठ हलवत नाचत होता, हे आता त्याचे कट्टर चाहतेही मान्य करतात. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात जो कार्यक्रम झाला तो याच दौऱ्यातला. (त्या खेपेला तो कोणाच्या घरी गेला आणि तिथे त्याने काय वापरलं, ही हकिकत मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, पुन्हा सांगत नाही.) त्या कार्यक्रमाचा करमणूक कर सरकारने माफ केला, ग्राहक पंचायत हायकोर्टात गेली, पैसे अडकून पडले, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने माफीवर शिक्कामोर्तब केलं. सव्वातीन कोटींच्या वरची रक्कम, पंचवीस वर्षं! करमणूक किती झाली आणि तिच्यावर कर किती, हे ठरवायला एवढा काळ लागला. पण करमणूक खऱ्या गळ्याची होती की टेपची, हा मुद्दा त्या पंचवीस वर्षांत कोणी काढल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या सरकारात एक तरी अठ्ठ्याऐंशीवाला असायला हवा होता.

भाच्याला हे विचारलं की तो म्हणतो, "मामा, तुला कळत नाही. एवढं नाचताना गाता येत नाही. आणि टेपवर का असेना, आवाज त्याचाच होता ना?"

पहिला मुद्दा मला मान्य आहे. तिसरा मजला चढून आल्यावर मला माझं स्वतःचं नाव एका दमात सांगता येत नाही. शिवाय ज्या नाचाने हा माणूस जगभर गाजला, तो १९८३ सालचा मोटाऊन कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम, पाय मागे सरकत जातात आणि माणूस पुढे चालल्यासारखा वाटतो तो, तोही रेकॉर्ड लावूनच केलेला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो टीव्हीचा कार्यक्रम, गाणं एक, आणि लोकांचं लक्ष पायांकडे. पण मैदानावर तिकीट काढून बोलावलेल्या माणसाला 'गाणार आहे' म्हणून सांगायचं आणि टेप लावायची, याला सवलत द्यायची असेल तर मग पुढच्या भानगडीत आरडाओरडा करायचा हक्क थोडा सैल होतो, हे भाच्याच्या कंपूने समजून घ्यायला हवं. तुम्हीच आधी लोकांना शिकवलंत, की शेवटी छान वाटलं ना, मग चौकशा कशाला? कंपनीने तेच वाक्य उचललं आणि तुमच्याच अंगावर टाकलं.

ती भानगड अशी. डिसेंबर २०१० मध्ये 'मायकेल' नावाचा अल्बम निघाला. मयताचा पहिला मोठा चेक. कव्हरच्या मागे छापलेलं होतं, की यात मायकेल जॅक्सनने गायलेली ९ अप्रकाशित गाणी आहेत. त्यातलं एक गाणं महिनाभर आधी लोकांना ऐकवलं होतं आणि तेव्हाच जगभरचे चाहते ओरडायला लागले, की हा आवाज त्याचा नव्हे! असा आरोप तीन गाण्यांवर आला, 'ब्रेकिंग न्यूज', 'मॉन्स्टर' आणि 'कीप युअर हेड अप'. मायकेलच्या घरातल्याही काही जणांनी तेच म्हटलं. हा आवाज कोणा दुसऱ्या, हुबेहूब गाणाऱ्या गायकाचा आहे असं चाहत्यांचं म्हणणं. आणि ज्यांनी ही गाणी पुरवली ते म्हणाले, त्याचाच आहे. कंपनीने तज्ज्ञ नेमले, मायकेलबरोबर काम केलेल्या लोकांना गाणी ऐकवली आणि जाहीर केलं, की आमची खात्री आहे. २०१४ साली कॅलिफोर्नियात एका चाहतीने सरळ फसवणुकीचा दावा ठोकला.

त्या दाव्यात जे झालं त्याच्याइतकं विनोदी मी काही वाचलेलं नाही, आणि त्यात विनोद लिहिण्याचा कोणाचाही इरादा नव्हता. आधी वादापुरतं गृहीत धरलं गेलं, की समजा, आवाज मायकेलचा नाही. बरं, मग कंपनी दोषी का? तर वरच्या एका कोर्टाने म्हटलं, नाही. कारण रेकॉर्डिंग झालं तेव्हा कंपनी तिथे हजर नव्हती, तिला खरं काय ते ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता, तेव्हा कव्हरवरचं वाक्य ही विक्रीची जाहिरात न मानता एका वादग्रस्त विषयावरचं मतप्रदर्शन मानावं! आता बोला. उद्या वाण्याने डब्यावर 'शुद्ध गाईचं तूप' असं लिहावं, आणि आत डालडा निघाला की म्हणावं, "म्हशीला किंवा गाईला दोहताना मी तिथे नव्हतो, तूप गाईचं असावं हे माझं वैयक्तिक मत आहे." शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला आणि सांगितलं, माल विकताना मालावर जे छापता ते विक्रीचंच बोलणं, आणि 'मला ठाऊक नव्हतं' एवढ्यावर ग्राहक-कायद्यातून सुटका नाही. मला त्या न्यायमूर्तींना एकेक नारळ पाठवावासा वाटला. पण पुढे खटला चाललाच नाही. त्याच महिन्यात तडजोड झाली. आणि त्याच्या आदल्या महिन्यात कंपनीने ती तिन्ही गाणी गुपचूप विक्रीतून काढून घेतली होती. वर खुलासा असा, की याचा आवाजाच्या खरेखोटेपणाशी काही संबंध नाही, फक्त हा विषय एकदाचा मिटावा म्हणून काढली! म्हणजे आवाज कोणाचा, याचा निकाल कुठल्याच कोर्टात लागला नाही. आमच्याकडे एखाद्या चेकवरची सही कोणाची हे बारा वर्षं कळलं नाही, आणि मग शाखेने चेकच नाहीसा करून 'विषय मिटला' असं कळवलं, तर शाखाधिकारी विषयासकट मिटतो.

यावर शहाणी माणसं एक प्रश्न टाकतात, आणि तो टाकताना थोडं हसतात. "गाणं चांगलं आहे ना? मग कोणी का गायलं असेना!" या प्रश्नाचा मला अतोनात राग आहे. हाच न्याय लावायचा तर कोणत्याही कव्हरावर कोणाचंच नाव छापू नका, आणि मग किती खपतं ते बघा. नावावर विकायचं आणि नावाबद्दल विचारलं की 'नावात काय आहे' म्हणायचं, हे दोन्ही चालणार नाही. आपल्याकडे तर दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलवणं हा सिनेमाचा राजमान्य व्यवहार. पण १९४९ साली 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' हे सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं, आणि रेडिओवर ते लागल्यावर लोक विचारू लागले, गायलं कोणी? ते नाव लता मंगेशकर असं होतं. रेकॉर्डवर गाणाराचं नाव यावं म्हणून त्यांना भांडावं लागलं. तेव्हाचा श्रोता 'गाणं चांगलं आहे ना' म्हणून गप्प बसला असता, तर आजही कामिनीबाईंचे सत्कार चालले असते.

डेमोवाल्यांशी माझं भांडण निराळं आहे, खरं तर भांडण असं नाहीच. त्यांच्या विरुद्ध बाजूची माणसं म्हणतात, की मायकेल इतका काटेकोर होता, की अर्धवट गाणं त्याने कोणाला ऐकूही दिलं नसतं. तेव्हा एकतर काहीच काढू नका, नाहीतर नीट पुरं करून काढा. ऐकायला हे फार सभ्य वाटतं. पण 'नीट पुरं करणं' म्हणजे काय? वडील गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात एक अर्धवट पत्र सापडलं, तर आपण ते तसंच जपून ठेवतो, फार तर पाहुण्यांना दाखवतो. त्यांच्यासारखं अक्षर काढून पुढच्या दहा ओळी लिहीत नाही, आणि खाली त्यांची सही तर मुळीच करत नाही. गवयांच्या खासगी मैफलींच्या टेपा जमवणारे आपले काका लोक आठवा. त्या टेपांत मध्येच कोणी खोकतं, कपबशी आपटते, तंबोरा उतरतो, एका बाजूची टेप संपते आणि तान तिथेच तुटते. ती तान दुसऱ्या कोणाकडून पुरी करून घ्यावी असं त्यातल्या एकाही काकांच्या मनात आलेलं नाही. (टेप दुसऱ्याला द्यावी असंही आलेलं नाही, पण तो वेगळा विषय.)

आणि हे करता येतं, याचा पुरावा त्याच कंपनीने दिला आहे. २०१४ च्या मे महिन्यात 'एक्सस्केप' नावाचा दुसरा अल्बम निघाला. आठ जुनी गाणी, नव्या वाद्यांनी सजवलेली. पण त्याच्या महागड्या आवृत्तीत ती आठही गाणी मायकेलने ठेवली होती त्या मूळ रूपातही दिली होती. आमच्या ताईच्या घरात त्या दिवशी तिन्ही पंथ एकत्र बसून ऐकत होते आणि पोहे थंड झाले. त्यातलं एक गाणं १९८३ साली पॉल अँकाबरोबर केलेलं, पियानोवर हलकंसं म्हटलेलं. सजवलेलं ऐकलं आणि मग साधं ऐकलं, तर मलासुद्धा फरक कळला, आणि मला संगीतातलं एवढंच कळतं, की राष्ट्रगीत लागलं की उठायचं. मूळ गाणं असं जवळ होतं, मग त्यासाठी जादा पैसे का? भेसळ स्वस्त आणि शुद्ध महाग, हे दुधापासून इथपर्यंत सगळीकडे सारखंच.

पॉल अँकावरून आठवलं. २००९ साली त्या तालमींच्या सिनेमाबरोबर मायकेलचं म्हणून एक 'नवं' गाणं वाजवलं गेलं, आणि लगेच अँका म्हणाला, हे तर आम्ही दोघांनी १९८३ साली लिहिलं होतं! इस्टेटीने वाद न घालता निम्मा वाटा मान्य केला. कपाटात कागद सापडला, पण तो जॉइंट अकाउंटचा आहे हे कोणी बघितलंच नव्हतं. आमच्याकडचा शिकाऊ कारकूनसुद्धा आधी ते बघतो.

बीटल्सवाल्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात जॉन लेननच्या घरच्या कॅसेटवरचं एक गाणं काढलं. लेननला जाऊन त्रेचाळीस वर्षं होत आलेली. पण कॅसेट कुठली, यंत्राने पियानोतून त्याचा आवाज कसा सोडवला, हॅरिसनचं गिटार कधीचं, मॅकार्टनी आणि रिंगो यांनी आता काय वाजवलं, हे सगळं त्यांनी आधी सांगितलं आणि मग विकलं. आवडलं न आवडलं हे ज्याचं त्याने ठरवावं. फसलो असं मात्र कोणाला म्हणता येणार नाही. आणि आता तर यंत्र कोणाच्याही आवाजात काहीही गाऊन दाखवतं. म्हणजे उद्या मायकेल जॅक्सन ७ वर्षांत १० काय, एका दुपारी १० अल्बम काढील. तेव्हा हा मुद्दा मिटवायचा असेल तर तो कव्हरवरच मिटवावा लागेल. मयत काय गायला, कोणत्या साली, आणि त्याच्या पाठीमागे कोणी काय चिकटवलं, एवढं कव्हरवर छापा. गोळ्यांच्या पाकिटावर छापतात त्या अक्षरात छापलंत तरी आमचा भाचा भिंग घेऊन वाचील.

२०१० चा तो 'मायकेल' अल्बम भाच्याकडे आहे. ताईने तेव्हा हौसेने आणून दिलेली सीडी. २०२२ साली गाणी विक्रीतून काढल्याची बातमी आली त्या रविवारी तो ती मोडून टाकायला निघाला होता. मी त्याच्या हातातून काढून घेतली. वादातला चेक कधी फाडायचा नसतो. झेरॉक्स काढायची, लखोट्यात घालायचा आणि कपाटात ठेवायचा. सध्या ती सीडी माझ्या कपाटात आहे, एलआयसीच्या पावत्यांच्या खाली. कंपनीने विकायची थांबवली तरी कव्हरच्या मागे अजून ९ गाणी त्याचीच म्हणून छापलेली आहेत.